आधी निदान, मग पाना: सातारा एमआयडीसीतील एक गॅरेज

सातारा एमआयडीसीतील या छोट्या गॅरेजची शिफारस मी एकाच कारणासाठी करतो: थरथर नेमकी कुठून निघते हे कळेपर्यंत येथील मिस्त्री एकही नट सैल करत नाहीत. मागच्या चाकांवर चालणाऱ्या आमच्या सात आसनी गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सचे फिरणे मागच्या चाकांकडे नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस, म्हणजे त्याच्या टोकांचे वळते सांधे, दुसरीकडे बदलून घेतले, आणि तेव्हापासून ताशी ७० किलोमीटरच्या पुढे आसनाखाली सतत कंप जाणवू लागला. तिथे त्यावर चाकांचे बॅलन्सिंग झाले, इंजिनाची माउंटिंग बदलली, पैसे गेले आणि कंप तसाच राहिला.

येथील मिस्त्रींनी शेंद्र्याच्या बाजूला महामार्गावर गाडी स्वतः चालवून पाहिली. वेग ८० वर कायम ठेवून ते पाचव्या गिअरमधून चौथ्यात आले, तेव्हा इंजिनाचे फेरे वाढले तरी कंपाची लय बदलली नाही. क्लच दाबल्यावरही तो थांबला नाही. म्हणजे दोष इंजिनात नसून गिअरबॉक्सच्या मागे होता. चाक की शाफ्ट, हे त्यांनी हिशोबाने ठरवले, आणि हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटला. या वेगाला चाक सेकंदाला साधारण १० फेरे घेते, तर डिफरेन्शियलचे, म्हणजे शाफ्टचे फिरणे चाकांना देणाऱ्या मागच्या दातेरी चाकांच्या संचाचे, गुणोत्तर ४ च्या आसपास असल्याने शाफ्ट सुमारे ४० घेतो. म्हणून चाकाचा असमतोल गाडीला हलवतो, शाफ्टचा दोष मात्र आमच्या गाडीसारखा पायाखाली घुमतो.

गाडी लिफ्टवर घेतल्यावर शाफ्टच्या दोन टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एका पातळीत नसल्याचे दिसले. क्रॉस कोनात फिरताना शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमीजास्त होतो, आणि योक जुळलेले असतील तरच एका टोकाचा हा चढउतार दुसऱ्या टोकाला भरून निघतो. स्लिप जॉइंट, म्हणजे शाफ्टचा आतबाहेर सरकणारा जोड, जोडताना खुणा न जुळवल्याने हे बिघडले होते. योक जुळवून शाफ्ट पुन्हा बसवताच कंप गेला. नवा भाग एकही लागला नाही, फक्त मजुरी द्यावी लागली.

शाफ्ट बॅलन्सिंगचे यंत्र येथे नसल्याने वाकलेला शाफ्ट बाहेर पाठवावा लागतो. तपासणीची लेखी नोंदही मिळत नाही. इतक्या नेमक्या निदानाची नोंद ग्राहकाच्या हाती असायलाच हवी. गळीत हंगामात ऊस वाहणाऱ्या वाहनांची येथे गर्दी असते, त्यामुळे त्या महिन्यांत आधी फोन करून वेळ ठरवावी.