बोअरची मोटर जळाली: भरून घ्यावी की नवी टाकावी?

उन्हाळ्यात बोअरची मोटर बंद पडली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, भरून आणू (म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी गुंडाळून घेऊ), दोन-तीन हजारांत भागेल. दुसरा म्हणतो, जुनीला किती दिवस कवटाळणार, नवी टाका. धुळ्यात आमच्या घरी दोन्ही करून झालं. भरून घेतलेली मोटर दुसऱ्या मे महिन्यात पुन्हा जळाली, मग नवी टाकली. यावरून "डोळे झाकून नवी घ्या" असं मी सांगेन असं वाटेल, पण नाही. ती मोटर वायंडरच्या, म्हणजे मोटर भरणाऱ्याच्या, चुकीने गेली नव्हती, आमच्या हलगर्जीपणाने गेली होती. ते पुढे येईलच.

आधी मोटर खरंच जळाली आहे का ते बघा. बटण दाबल्यावर मोटर नुसती घुमते, पाणी येत नाही आणि ट्रिप होते, याचं पहिलं कारण बहुतेकदा पॅनलमधला (बटणाच्या डब्यातला) कपॅसिटर, म्हणजे सुरू होताना मोटरीला धक्का देणारा भाग, असतो. आमच्याकडे पहिल्यांदा असं झालं तेव्हा मिस्त्रीने झाकण उघडलं आणि निकाल दिला, "मोटर जयनी नही (जळाली नाही) भाऊ, कपॅसिटर गया." काम काही शे रुपयांत झालं. नवा कपॅसिटर मात्र पॅनलवर किंवा मोटरच्या पाटीवर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्या, "थोडा मोठा टाकू" हे ऐकू नका.

कपॅसिटर ठीक असेल तर लाइट बंद करून पॅनलमधून खाली जाणाऱ्या तीन वायरी सोडा आणि मीटर लावा. सिंगल फेजच्या मोटरीत कॉमन, रनिंग आणि स्टार्टिंग अशा तीन वायरी असतात. कॉमन-रनिंगचं ओहम सगळ्यात कमी, कॉमन-स्टार्टिंगचं त्याहून जास्त आणि रनिंग-स्टार्टिंगचं या दोघांच्या बेरजेइतकं यायला हवं. बेरीज जुळली तर वायंडिंग, म्हणजे आतली गुंडाळलेली तार, तुटलेलं नाही. मग मेगर लावून वायर आणि जमीन यांच्यातलं इन्सुलेशन बघायचं. अर्ध्या मेगओहमच्या खाली आलं तर पाणी कुठेतरी शिरलंय. पण ते मोटरीतच शिरलंय असं नाही, पाण्याखालच्या केबलच्या जोडातही शिरलेलं असू शकतं. म्हणून मोटर वर आली की जोड कापून नुसत्या मोटरीचं माप पुन्हा घ्यायला सांगा. जोड खराब, मोटर चांगली, आणि तरी मोटर भरायला गेली, असं होतं.

आता मोटर खरंच जळाली आहे असं धरू. दुकानात बसून आपण दोन भाव ताडून बघतो. मला सांगितलेले आकडे असे होते: एक एचपी मोटर भरायला तीन हजारांच्या आसपास, नवा पंपसेट दहा-बारा हजारांच्या घरात. या हिशेबात एक रक्कम राहून जाते, मोटर काढण्या-टाकण्याची मजुरी. ती दोन्हीकडे सारखीच लागते, म्हणून आपण ती मोजत नाही. पण भरलेली मोटर वर्षात गेली तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. म्हणजे प्रश्न मोटरीच्या भावाचा कमी आणि ती किती खोल आहे याचा जास्त आहे.

इथे खान्देशात तालुक्यागणिक उत्तर बदलतं. धुळे, साक्रीकडे काळा पाषाण. घरची मोटर दीडशे-दोनशे फुटांवर, एचडीपीईच्या (प्लॅस्टिकच्या) नळीवर लटकलेली असेल तर तीन-चार माणसं ती हातांनी ओढून काढतात. अशा ठिकाणी भरून घेणं परवडतं. फसलं तरी अर्ध्या दिवसाचं काम. तापीकाठी यावल, रावेर, चोपड्याकडे गाळाची जमीन, पाणी खूप खोल गेलेलं. तिथे चारशे-पाचशे फुटांवरून लोखंडी कॉलम पाइप चेन-कप्पीने एकेक करून सोडवत आणायचा म्हणजे दिवस जातो, आणि कधी पाइप निसटून मोटरीसकट बोअरही जातो. अशा खोलीवर मी भरलेली मोटर परत टाकणार नाही, पाटीवर आयएस 8034 (पाण्यातल्या पंपसेटचं भारतीय मानक) बघून नवीच टाकेन.

पंपाकडेही बघा. मोटर वेगळी, पंप वेगळा. गाळाच्या पट्ट्यात रेतीने इम्पेलर (पंपातली पाणी ढकलणारी चाकं) झिजतात, पाषाणात क्षार बसून ते जाम होतात. जो पंप फक्त उन्हाळ्यात चालतो आणि आठ महिने पाण्यात निजून असतो, तो सुरू करताना अडकतो आणि मोटरीला घेऊन बुडतो. (पावसाळ्यातही आठवड्यातून पाच मिनिटं मोटर चालवा, इतकंच.) इम्पेलर झिजलेला असेल आणि तुम्ही फक्त मोटर भरली, तर नव्या बैलाला मोडकी गाडी जुंपल्यासारखं होतं.

भरून घ्यायचं ठरलं तर वायंडरला तीन गोष्टी विचारा. तार तांब्याची की अॅल्युमिनियमची? जुनी तार आहे त्याच गेजची आणि तितक्याच फेऱ्यांची भरणार का? आणि जुनं तांबं कोणाचं? बहुतेक ठिकाणी ते वायंडर ठेवून घेतो, पण भंगारात तांब्याला चांगला भाव आहे, तो मजुरीतून वजा करायला सांगायला लाजू नका. जुनं वायंडिंग काढायला कोणी स्टेटर (तार गुंडाळलेला, पातळ पत्र्यांचा न फिरणारा भाग) जाळावर धरत असेल तर मोटर उचलून दुसरीकडे न्या. त्या आचेने पत्र्यांमधलं इन्सुलेशन जातं आणि मोटर कायमची जास्त तापायला लागते. बुश किंवा बेअरिंग आणि सील त्याच वेळी बदलून घ्या. माझा ढोबळ नियम असा, की सगळं मिळून नव्याच्या निम्म्याहून जास्त होत असेल तर भरू नये. पूर्वी एकदा भरलेली असेल तर निम्म्याचीही वाट बघू नये.

नवी घेताना दुकानदार विचारतो, तेलाची की पाण्याची? तेलाच्या मोटरीत आत तेल असतं आणि तार साध्या मोटरीसारखी इनॅमलची. कमी व्होल्टेजला ती त्यातल्या त्यात बरी उचलते. मात्र सील गेलं की तेल पाण्यात येतं, पाणी तेलात जातं आणि वायंडिंग जळतं. पाण्याच्या मोटरीत तारेवर प्लॅस्टिकचं जाड आवरण असतं, ती आतल्या पाण्यावरच थंड राहते. बोअरमध्ये सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी भरावं लागतं, आणि घाईत हेच राहून जातं. ज्या घरी बोअरचंच पाणी प्यायला वापरतात तिथे मी पाण्याची घेईन. खेड्यात संध्याकाळी व्होल्टेज 180 वर येत असेल तर तेलाची.

व्होल्टेज फक्त खांबावरच पडतं असं नाही, केबलमध्येही पडतं. 300 फुटांवर एक एचपी मोटर 8 अँपिअर घेत असेल तर दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये सतरा-अठरा व्होल्ट वाटेतच जातात, अडीचच्या केबलमध्ये दहा-अकरा. मोटर भरा की नवी टाका, केबल बारीक असेल तर ती आधी बदला.

एचपी वाढवण्याचा मोह मात्र टाळा. शेजाऱ्याची दीडची म्हणून आपली दीडची. साडेसहा इंची बोअरमध्ये एका फुटात साधारण साडेसहा लिटरच पाणी मावतं. मोटरीवर 50 फूट पाणी उभं असेल तर ते झालं सव्वातीनशे लिटर. पंप मिनिटाला 40 लिटर ओढत असेल आणि मे महिन्यात झरे सुकलेले असतील, तर आठ मिनिटांत खेळ खलास. आमची भरून घेतलेली मोटर अशीच गेली. टाकी भरायला लावून सगळे लग्नाला गेलो, मोटर तासभर कोरडी फिरली. मोठी मोटर लावली असती तर आणखी लवकर गेली असती. पाषाणातल्या बोअरला ड्राय रनचा रिले (पाणी संपलं की मोटर बंद करणारं यंत्र) नसेल तर नव्या मोटरीचे दहा हजारही पाण्यात, आणि पाणी तर नाहीच.

उलटं पावसाळ्यात. पातळी वर आली की तोच पंप जास्त पाणी फेकतो, अँपिअर वाढतात आणि मोटर तापते. मीटर पाटीवरच्या आकड्याच्या वर गेलं तर वरचा व्हॉल्व्ह थोडा आवळायचा.

बोअर कमी पाण्याचा आणि रेती ओढणारा असेल तर कॉम्प्रेसर हाही एक मार्ग आहे. आत फिरणारं काहीच नसतं, म्हणून जळण्यासारखं काही नाही, पण आवाज फार आणि बिलही जास्त. जुन्या वाड्यात आड असेल आणि पाणी वीस-बावीस फुटांच्या आत असेल, तर वर ठेवायची साधी मोनोब्लॉक बसवा, ती बिघडली तर हातात घेऊन दुकानात जाता येतं. पाणी त्याखाली गेलं की मात्र ती पाणी ओढत नाही, मग पुन्हा पाण्यातलीच मोटर.

आमच्या पॅनलच्या दाराच्या आतल्या बाजूला आता मार्करने लिहिलेलं आहे: किती फुटांवर मोटर, कोणती केबल, कपॅसिटर किती, टाकली त्या दिवशीचे अँपिअर आणि तारीख. मागच्या महिन्यात अँपिअर दीडने वाढलेले दिसले. मिस्त्रीला बोलावलंय, अजून आलेला नाही.