मुलांचा बागकाम संच : कोल्हापूरच्या गच्चीवर एक पावसाळा

लहान मुलांच्या वाढदिवसाला खेळण्याऐवजी बागकामाचा संच भेट देण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुळली आहे. ऑनलाइन दुकानांवर असे संच वेगवेगळ्या नावांनी मिळतात आणि खोके उघडल्यावर आतले सामान जवळजवळ सारखेच निघते. म्हणूनच आमच्या घरी आलेल्या संचाचे नाव येथे देत नाही. सुमारे नऊशे रुपये किमतीचा हा संच आमच्या सहा वर्षांच्या मुलीला भेट मिळाला, त्यात तिच्या तीन वर्षांच्या भावाने आपला वाटा परस्पर ठरवून टाकला, आणि जूनअखेरपासून दसऱ्यापर्यंत तो आम्ही गच्चीवर पुरेपूर वापरला. माझे मत आधीच सांगते : पैसे या खोक्यातल्या दोनच वस्तूंना द्यावेत असे वाटते, आणि त्या दोन्ही वस्तू खोक्यावरच्या चित्रात सर्वांत लहान दाखवलेल्या आहेत.

पहिली वस्तू म्हणजे एक लिटरची छोटी झारी. तिचे तोंड बारीक छिद्रांचे असल्यामुळे पाण्याची धार पडत नाही, शिंतोडे पडतात आणि नुकतेच पेरलेले बी जागचे हलत नाही. पूर्ण भरली तरी तिचे वजन तीन वर्षांच्या मुलाला दोन्ही हातांनी उचलता येते, ही गोष्ट कोणीतरी खरोखर विचार करून ठरवलेली दिसते. घरातल्या तांब्याने पाणी घालणारे मूल कुंडीतली निम्मी माती बाहेर काढते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या झारीचे मोल वेगळे सांगायला नको. दुसरी वस्तू म्हणजे सुती वातीची दुहेरी पेली. खालच्या पेलीत पाणी असते, वरच्या पेलीत माती असते आणि मधल्या छिद्रातून गेलेली वात लागेल तसे पाणी वर ओढून घेते. शनिवारी-रविवारी मुलांना घेऊन पन्हाळ्याला किंवा गावी जायचे म्हटले की परत येईपर्यंत रोपांचे काय, हा प्रश्न या पेलीने सोडवला. एक पथ्य मात्र पाळावे लागते. खालच्या पेलीतले साठलेले पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून ती आतून घासावी, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास तयार व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. हे काम मुलीकडे दिले आहे आणि ती ते झाडांना पाणी घालण्यापेक्षा अधिक गांभीर्याने करते.

अवजारांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. प्लास्टिकचे फावडे आणि दाताळे कोकोपीटमध्ये चालतात, पण आपल्याकडची काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि ओली झाली की चिकटून बसते, त्या मातीत फावड्याचा दांडा पहिल्याच आठवड्यात वाकला. हातमोजे आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या मापाचे आहेत. एप्रन छान आहे आणि त्याचा उपयोग सध्या चित्रे रंगवताना होतो.

कोकोपीटच्या चकत्यांवर मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण संचाची सारी मोहिनी त्यांच्यातच आहे. नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरणारा भुसा दाबून या चकत्या केलेल्या असतात. पाणी घातले की बिस्किटाएवढी चकती काही मिनिटांत फुगून वाटीभर होते आणि हे पाहताना मुले श्वास रोखून बसतात. आमच्याकडे सगळ्या चकत्या एकाच दिवशी भिजवण्याचा हट्ट झाला, तो निम्म्या चकत्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून मोडून काढला. कोकोपीट हलके असते, पाणी धरून ठेवते आणि त्यात तणाचे बी नसते, त्यामुळे रोप उगवण्यापुरते ते उत्तम आहे. अडचण पुढे सुरू होते. त्यात अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात, म्हणून बियांमधला साठा संपला की खरी पाने फुटण्याच्या सुमारास रोपे पिवळी पडू लागतात. संचातल्या पुस्तिकेत खताचा उल्लेख नाही, संचात खताची पुडीही नाही. ज्या पालकांनी याआधी बागकाम केलेले नाही, त्यांना आपल्या हाताला गुण नाही असे वाटून ते खोके माळ्यावर टाकतील, याची मला खात्री आहे.

कोल्हापूरच्या जुलैत दुसरी अडचण येते. हवा इतकी दमट असते की एकदा भिजवलेली चकती कित्येक दिवस वाळतच नाही, आणि पुस्तिकेत तर रोज पाणी घालायला सांगितले आहे. ती सूचना तंतोतंत पाळली तर रोपांची मान मातीलगत कुजते आणि ती आडवी पडतात. शेतकरी याला रोपे कोलमडणे म्हणतात आणि अति ओलाव्यात वाढणारी बुरशी हे त्याचे कारण असते. उपाय सोपा आहे आणि तो मुलांनाही समजतो. ओले कोकोपीट गडद तपकिरी दिसते, वाळू लागले की वरचा थर फिका पडतो. रंग फिका झाल्याशिवाय झारी उचलायची नाही, एवढा एकच नियम आम्ही केला आणि रोपे पागोळ्यांपासून दूर, पण उजेडात, जिन्याच्या छपराखाली ठेवली. त्यानंतर फारसे नुकसान झाले नाही. गोगलगायींनी केले तेवढेच, आणि त्यांच्याबद्दल तक्रार करणे अवघड आहे, कारण धाकट्याला झेंडूच्या रोपांपेक्षा गोगलगायीच अधिक आवडल्या.

आता बिया. संचात झेंडू, तुळस, चेरी टोमॅटो, स्ट्रॉबेरी आणि लव्हेंडर अशा पाच पुड्या होत्या. खोक्यावरचे चित्र अर्थातच स्ट्रॉबेरीचे आहे. येथे उत्पादकाने मुलांच्या उत्साहाचा विचार केलेला नाही, विक्रीचाच केला आहे, असे मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते. स्ट्रॉबेरीचे बी उगवायला कित्येकदा तीन-चार आठवडे लागतात, त्याला थंडावा लागतो आणि उगवले तरी फळ धरायला पुढे अनेक महिने जातात. महाबळेश्वर-पाचगणीचे शेतकरीसुद्धा बियांपासून स्ट्रॉबेरी लावत नाहीत, मातृवेलीच्या धावत्या फांद्यांपासून केलेली रोपे लावतात. लव्हेंडरला कोरडे, थंड हवामान मानवते, आणि कोल्हापूरचा पावसाळा यापैकी काहीच नाही. दोन्ही पुड्यांमधून काहीही उगवले नाही. विक्रेत्याकडे तक्रार केली तेव्हा तत्परतेने त्याच दोन पुड्या पुन्हा आल्या, त्यामुळे सेवेला चांगले गुण द्यावेत की वाईट, हे अजून ठरलेले नाही.

चारपाच वर्षांच्या मुलाचा धीर तीन-चार दिवसांपलीकडे टिकत नाही, हे अशा संचाचे गणित ठरवणाऱ्याने पहिल्यांदा लक्षात घ्यायला हवे. सासूबाईंनी ते न सांगता ओळखले. मुलगी रिकाम्या चकतीसमोर रडवेली होऊन बसलेली पाहून त्यांनी मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर मेथ्या काढल्या, रात्रभर भिजत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी एका पसरट कुंडीत तिच्याकडून टाकून घेतल्या. “उद्या लगेच उकरून बघायचं नाही हं बाळा, परवा बघ,” एवढीच त्यांची सूचना होती. परवा खरोखरच पांढरे मोड वर आले, आणि तीन आठवड्यांनी मेथी खुडण्याजोगी झाली. आपण लावलेली भाजी मुले आवडीने खातात असे सर्वत्र वाचायला मिळते. आमच्या मुलांनी ती खाल्ली नाही, पण शेजारच्या काकूंना जुडी बांधून नेऊन दिली आणि दोन रुपये मागितले.

संचातल्या बियांपैकी झेंडूने लाज राखली. तो आठवड्याच्या आत उगवला, गोगलगायींच्या तावडीतून वाचलेली रोपे आम्ही मोठ्या कुंड्यांत हलवली आणि साधारण दोन महिन्यांनी फुले आली. जुलैत पेरलेला झेंडू दसऱ्याच्या सुमारास फुलतो, हे आपल्याकडे कोणत्याही शेतकऱ्याला माहीत असते, पण पुस्तिकेत ते नाही. पुस्तिका इंग्रजीत आहे, तिच्यात हिमतुषार संपल्यावर पेरणी करा असे लिहिले आहे, आणि भारतात बनवलेल्या, भारतात विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही सूचना कोणासाठी आहे याचा उलगडा होत नाही. चेरी टोमॅटो उगवला, वाढला, पण पावसात त्याची पाने करपली. तो थंडीत पुन्हा लावून पाहणार आहे. तुळशीबद्दल लिहायला नको, ती आपल्या घरात कुठेही उगवते.

एक गोष्ट मात्र संचाच्या बाजूने नोंदवायला हवी. पुड्यांवर बियांना कोणतीही रासायनिक प्रक्रिया केलेली नाही असे छापले आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत हे महत्त्वाचे आहे. कृषी सेवा केंद्रात मिळणाऱ्या भाजीपाल्याच्या संकरित बियाण्याला बहुधा थायरमसारखे बुरशीनाशक चोळलेले असते आणि ते ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी, लाल किंवा निळा रंग दिलेला असतो. असे रंगीत बी मुलांच्या हातात अजिबात देऊ नये, कारण तीन वर्षांच्या मुलाला ते गोळीसारखे वाटते. त्याच दुकानातल्या पाकिटावर मात्र उगवणक्षमता, चाचणीची तारीख आणि मुदत ठळक छापलेली असते. आमच्या संचातल्या पुड्यांवर यातले काहीच नव्हते, त्यामुळे स्ट्रॉबेरी न उगवण्यात हवामानाचा दोष किती आणि जुन्या बियांचा किती, हे ठरवता येत नाही.

नऊशे रुपये न घालवता हेच सारे कोल्हापुरात कसे जमते, याचा हिशेब आम्ही पुढे केला, आणि त्यातच आमचे काही रविवार मजेत गेले. लक्ष्मीपुरीच्या बाजारात आणि आसपासच्या लोखंडी सामानाच्या दुकानांत लहान आकाराचे खुरपे मिळते. ते खरे असते, त्याला धार असते, त्यामुळे सहा वर्षांच्या मुलीला ते आपण शेजारी बसूनच द्यावे. तीन वर्षांच्या मुलाला स्वयंपाकघरातली जुनी पळी पुरते, आणि प्लास्टिकच्या फावड्यापेक्षा ती शंभरपट टिकते. मातीच्या कुंड्यांसाठी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेलो. पावसाळ्यात तेथे गणपतींची लगबग असल्यामुळे कुंड्या विकत घेण्यापेक्षा मुलांना तेथून हलवणे अधिक वेळखाऊ ठरले. गच्चीसाठी ग्रो बॅग घेतल्या तर त्या जाड आणि उन्हाला टिकणाऱ्या घ्याव्यात. बारा इंच व्यासाच्या आणि तेवढ्याच उंचीच्या पिशवीत सुमारे २२ लिटर माती मावते, आणि ती नुसत्या ओल्या मातीने भरली तर तिचे वजन तीस किलोंच्या पुढे जाते. म्हणून जुन्या गच्चीवर तांबडी माती, गांडूळ खत आणि कोकोपीट समप्रमाणात मिसळून भरावे. कोकोपीटची पाच किलोंची वीट भिजवल्यावर साधारण सत्तर-पंचाहत्तर लिटर होते, म्हणजे एका विटेत अशा मिश्रणाच्या नऊ-दहा पिशव्या सहज भरतात. त्या तुलनेत चकत्यांची किंमत पाहिली तर संचाचा नफा कोठे आहे ते लगेच कळते. वर अंथरायला उसाचे पाचट मिळाले तर उत्तम, आणि आपल्या जिल्ह्यात ते न मिळणे कठीण आहे.

मुलांना मोठी झाडे, वाफे आणि माळी काम करताना दाखवायचे असेल तर महावीर गार्डन किंवा शिवाजी विद्यापीठाचा परिसर सकाळच्या वेळी पुरतो, त्यासाठी कोणताही संच लागत नाही. उलट, तेथे माळी वाफ्याला पाणी कसे देतो हे पाहून आल्यावरच आमच्या मुलीने झारी खाली धरायला सुरुवात केली.

तर हा संच कोणी घ्यावा? ज्या घरात आजी-आजोबा किंवा बागकामाची सवय असलेले कोणी नाही, आणि मुलाच्या हाती खोके उघडण्याचा आनंद द्यायचा आहे, त्यांनी तो घ्यायला हरकत नाही. फक्त त्याच दिवशी एक किलो गांडूळ खत आणावे, पहिली पेरणी स्वयंपाकघरातल्या मेथीची किंवा मोहरीची करावी आणि स्ट्रॉबेरीची पुडी मुलांच्या नजरेआड ठेवावी. ज्यांना फक्त झारी हवी आहे त्यांना ती सुटी दोनशे रुपयांच्या आत मिळते. धने पेरायचे असतील तर ते लाटण्याने हलके रगडून दोन भाग करून पेरावेत, दहा-बारा दिवस वाट पाहावी लागते हे मुलांना आधीच सांगावे आणि हे काम दिवाळीनंतर काढावे, कारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडे गच्चीवरच्या पालेभाज्यांचा सर्वांत सोपा काळ असतो. संच एप्रिल-मेमध्ये भेट मिळाला तर पाऊस स्थिरावेपर्यंत चकत्या उघडू नयेत. कोरड्या चकत्या वर्षभर राहिल्या तरी बिघडत नाहीत, बियांच्या पुड्या मात्र घट्ट डब्यात घालून घरातल्या सर्वांत थंड खोलीत ठेवाव्यात.