कोजागिरीचं दूध सांडलं आणि वर ४८,९४८ रुपये गेले

मुलगा म्हणाला, "आई, कशाला लिहितेस, लोक हसतील." हसू देत. मी पतसंस्थेत २२ वर्षं कॅशियर होते, खोटी नोट बोटांनी ओळखायचे, आणि मला गाडीच्या मॅटपायी लुबाडलं.

झालं असं. कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर कार्यक्रम होता. मसाला दूध धायरीला नणंदेकडे आटवलं आणि पाच लिटरचा कडीचा डबा गाडीत मागच्या सीटपुढे, पायाशी ठेवला. सिंहगड रोडला एका स्पीडब्रेकरवर झाकण उडालं आणि दीडेक लिटर दूध खाली सांडलं. घरी आल्यावर मी रबरी मॅट काढून मोरीत घासून धुतली आणि काम झालं असं समजले. दूध मॅटच्या कडेनं खालच्या कार्पेटमध्ये उतरलंय हे तिसऱ्या दिवशी कळलं. ऑक्टोबरचं ऊन, बंद गाडी. दार उघडलं तर नासलेलं दूध आणि वेलची असा एकत्र भपकारा. हे म्हणाले, "दोन दिवस दारं उघडी टाकून उन्हात लावू." पण रविवारी व्याही येणार होते, त्यांना स्टेशनवरून आणायचं होतं. मला घाई झाली.

नकाशावर शोधलं. 'घरी येऊन गाडीची आतून सफाई', तारे ४.७, खाली गाड्यांचे फोटो. फोन लावला.

आता ही जागा मी रोज रात्री आठवते. मी म्हटलं, गाडीत दूध सांडलंय. तो म्हणाला, "हो जाएगा मॅडम, ९९ टोकन, बाकी काम के बाद." संपलं. गाडी कुठली, सांडून किती दिवस झाले, मॅटवर की खाली कार्पेटवर, एक प्रश्न नाही! ज्याला खरंच हात घालायचाय तो हे विचारल्याशिवाय भावच सांगणार नाही. मी स्वतः भाजीवालीला दहा प्रश्न विचारते.

मग व्हॉट्सॅपवर 'बुकिंग' नावाची एपीके फाइल, म्हणजे उघडली की मोबाईलमध्ये थेट ॲप बसवणारी. मोबाईलनं बजावलंसुद्धा, फाइल धोकादायक असू शकते म्हणून. मी "तरीही" दाबलं. एसएमएस वाचायची परवानगी मागितली, तीही दिली. कार्डाचा नंबर घातला, ९९ गेले. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. पण एक लिहून ठेवते: ओटीपी मी कुणालाही सांगितलेला नाही. ते ॲपच मेसेज परस्पर वाचून पुढे पाठवत होतं आणि मला एकही दिसत नव्हता.

११:४२ ला २४,९९९. ११:४७ ला १९,५००. गॅसचे पैसे भरायला १२:१० ला बँकेचं ॲप उघडलं तेव्हा पाय लटपटले. १२:१६ ला ह्यांच्या फोनवरून बँकेच्या हेल्पलाइनला तक्रार दिली, क्रमांक घेतला. बाई म्हणाल्या, कार्ड बंद केलंय. १२:३१ ला आणखी ४,३५० गेले.

असं झालं तर आधी त्या मोबाईलचं नेट बंद करा, नंतर रडा. फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा. ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग (आपले कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) काढा, हे मला चार दिवसांनी भाच्यानं सांगितलं.

सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन १९३० लागायला चाळीस मिनिटं. लागला, तक्रार नोंदवली गेली, ते एक बरं. मग पोलीस चौकी. "सायबरला जा." सायबरला गेले तर "रक्कम लहान आहे, आधी तुमच्या ठाण्याचं पत्र आणा." परत ठाणं. "साहेब बंदोबस्ताला आहेत, सायबरचा तपास साहेबच करतात." १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, कलम १७३ प्रमाणे, गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे मी म्हटलं तर हवालदार म्हणतो, "मॅडम, एवढं माहितीये तर फाइल कशाला उघडली?" शेजारचे दोघं हसले. त्या हसण्याचा राग ४८,००० पेक्षा जास्त आहे.

बँकेत त्याहून थंड कारभार. "ओटीपी तुमच्याच मोबाईलवर आला, म्हणजे निष्काळजीपणा तुमचा." बरं, माझा. पण रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं की ग्राहकाची चूक असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, आणि ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच. १२:१६ आणि १२:३१ मला वाचता येतं. मॅनेजरनं परिपत्रक हातात धरलं, चष्मा शोधला, आणि "वर पाठवतो" म्हणाले. पोचशिक्का द्यायलाही तीन खिडक्या. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका, तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट.

गाडी शेवटी कोपऱ्यावरच्या वॉशिंग सेंटरच्या पोरानं केली. पहिला प्रश्न: "काकू, दूध का ताक? साखर होती का?" मागची सीट काढली, कार्पेट उचललं, तर खालचा नमदा पिळण्याइतका ओला आणि त्याला चिकटलेले पिस्त्याचे काप. गार पाणी मारून मशीननं ओढून घेतलं, गरम नाही, गरम पाण्यानं दूध धाग्यात बसतं म्हणे. मग शाम्पू, परत पाणी, आणि दोन दिवस कार्पेट उचलून उन्हात. परफ्यूम मारणाऱ्याला पैसे देऊ नका, आठवड्यात वास परत येतो असं तोच म्हणाला. १,८०० घेतले, रोख, काम झाल्यावर.

व्याही रिक्षानं आले. नकाशावर ते दुकान अजून आहे, मी आणि भाच्यानं दोनदा कळवूनही. काल बघितलं तर तारे ४.८ झालेत. बँकेला कळवून उद्या तीस दिवस होतात, लोकपालाचा अर्ज लिहून ठेवलाय, त्यात ४,३५० ला लाल रेघ मारली आहे.