बनावट चार्जर आणि १९१५: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनविषयी अभिप्राय

ऑनलाइन मागवलेला माल बनावट निघाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक चांगला उपयोगी पडतो, मात्र तक्रार नेमक्या शब्दांत मांडावी लागते. नामांकित कंपनीचा म्हणून घेतलेल्या मोबाइल चार्जरवरची छपाई पुसट वाटली, म्हणून त्यावरचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या (बीआयएस) ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासला, तर तो भलत्याच उत्पादकाच्या नावे निघाला. विक्री करणाऱ्या संकेतस्थळाने मात्र ‘वस्तू चालू स्थितीत आहे, शिवाय परतीची मुदत संपली आहे’ असे ठरावीक उत्तर देऊन हात झटकले.

हे उत्तर नियमाला धरून नव्हते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार वस्तू सदोष किंवा बनावट असेल, अथवा जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे नसेल, तर ती परत घेण्यास वा पैसे परत करण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. म्हणजे चार्जर चालतो की नाही, हा मुद्दाच गौण ठरतो. त्यामुळे तक्रारीत ‘खराब माल’ असे मोघम न लिहिता ‘बनावट’ हाच शब्द वापरावा, आणि बिल, विक्रेत्याच्या पानाचा स्क्रीनशॉट व नोंदणी क्रमांकाचे स्पष्ट छायाचित्र सोबत जोडावे. (खोके रद्दीत टाकण्याची घाईही करू नये.)

हेल्पलाइनवर मराठीतून बोलता येते आणि पाठपुराव्यासाठी डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) मिळतो. माझे पैसे याच मार्गाने परत मिळाले. तरीही ही दावा दाखल करण्यापूर्वीची मध्यस्थी आहे. कंपनीला आदेश देण्याचा अधिकार हेल्पलाइनला नाही, त्यामुळे कंपनी अडून बसली तर जिल्हा ग्राहक आयोगाकडेच जावे लागते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथे दाद मागता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते, वकील देण्याची सक्ती नाही, आणि मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

एक मर्यादा मात्र खटकते. परताव्याने एका ग्राहकाचे समाधान होते, पण तोच माल इतरांना विकला जाणे त्याने थांबत नाही. त्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे स्वतंत्र तक्रार करण्याची वाट आहे, आणि पैसे हाती आल्यावर तेवढे कष्ट घेणारे ग्राहक थोडेच असतात.