कोकणातल्या चिऱ्याच्या घरात वाय-फाय कॉलिंग : बूस्टरविना रेंजचा प्रश्न कितपत सुटतो?

दापोली तालुक्यातील आमचे घर खाडीकडे उतरणाऱ्या वाडीत आहे आणि मोबाइलचा टॉवर आहे वरच्या सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावर. सड्यावर उभे राहिले की रेंज पूर्ण मिळते. वाडीत उतरले की डोंगराची धार मध्ये येते, आणि घरात शिरले की उरलीसुरली रेंज जांभ्या चिऱ्याच्या फूट-सव्वा फूट जाडीच्या भिंती खातात. पावसाळ्यात हा चिरा ओल धरतो, त्यामुळे आषाढ-श्रावणात परिस्थिती आणखी बिघडते. आईवडील वर्षभर तिथेच राहतात. त्यांचा फोन पडवीच्या खिडकीत खिळ्याला अडकवलेल्या कापडी पिशवीत ठेवलेला असे, आणि माजघरातून किंवा स्वयंपाकघरातून धावत जाऊन तो घेईपर्यंत बहुतेक वेळा वाजायचा थांबलेला असे. वयस्कर माणसांच्या घरात ही केवळ गैरसोय नसून काळजी करण्यासारखी गोष्ट आहे, म्हणून या विषयात मी नीट लक्ष घातले. कोकणात किंवा घाटमाथ्यावर अशीच घरे असलेल्यांना उपयोग व्हावा, यासाठी हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

उपाय शोधण्याआधी रेंज मोजून घ्यावी. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘फोनविषयी’ या भागात सिम स्टेटस पाहिले, तर सिग्नलची ताकद डीबीएममध्ये, म्हणजे डेसिबलच्या मोजपट्टीवर, दिसते. हा आकडा उणे असतो आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. फोर-जीसाठी उणे ८०च्या आसपास उत्तम, उणे १००पर्यंत चालण्यासारखा, आणि उणे ११०च्या खाली गेला की आवाज तुटणे आणि कॉल न लागणे सुरू होते. आमच्या अंगणात हा आकडा उणे ९८, ओटीवर उणे १०८ आणि माजघरात उणे ११९ येत असे. दर दहा डेसिबलला शक्ती दहापट बदलते, हे लक्षात घेतले तर अंगणातल्या सिग्नलचा शंभरावा हिस्सासुद्धा माजघरात पोहोचत नव्हता. याचाच दुसरा अर्थ असा, की दाराबाहेर सिग्नल होता. अडचण तो आत आणण्याची होती. बूस्टर नेमके हेच काम करतो असे सांगितले जाते, म्हणून आधी त्याविषयी.

तालुक्याच्या बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने मला असा डबा दाखवला : छपरावर लावायचा अँटेना, मधले अॅम्प्लिफायरचे यंत्र, घरात लावायचा छोटा अँटेना आणि जोडणीची केबल. खोक्यावर निर्मात्याचे नाव नव्हते, परवान्याचा उल्लेख नव्हता. फक्त ९००, १८०० आणि २१०० हे तीन आकडे, म्हणजे यंत्र ज्या लहरी वाढवते त्यांची मेगाहर्ट्झमधली वारंवारता, छापलेले होते. आता जिओचे फोर-जी चालते ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झवर. म्हणजे आपल्या भागातला टॉवर ८५०वर बोलत असेल, तर हे यंत्र कितीही जोरदार असले तरी त्या सिमच्या ग्राहकाला त्याचा काडीचा उपयोग नाही. दुकानदाराला ही गोष्ट ठाऊकच नव्हती.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा कायद्याचा आहे. आपल्याकडे मोबाइलच्या लहरी परवानाधारक कंपन्यांना दिलेल्या असतात आणि त्या लहरींवर प्रक्षेपण करणारे यंत्र खासगी व्यक्तीने परवान्याशिवाय विकणे, बाळगणे किंवा लावणे बेकायदेशीर आहे. १९३३च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून ही तरतूद चालत आलेली आहे, २०२३च्या दूरसंचार कायद्यातही परवान्याविना रेडिओ उपकरण बाळगण्यावर बंदी आहे, आणि जानेवारी २०२२मध्ये दूरसंचार विभागाने जॅमर व बूस्टर यांविषयी जाहीर सूचना काढून ऑनलाइन विक्रेत्यांनाही ताकीद दिली होती. तरीही हे डबे विकले जातात, आणि घेणाऱ्याला ‘काही होत नाही’ असे सांगितले जाते.

ही बंदी अनाठायी नाही, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. बूस्टर टॉवरकडून येणारा सिग्नल वाढवतो, तसाच आपल्या फोनकडून टॉवरकडे जाणाराही वाढवतो, आणि त्याच्यासोबत स्वतःचा गोंगाटही टॉवरकडे पाठवतो. बाहेरचा आणि आतला अँटेना एकमेकांपासून पुरेसे दूर नसतील, तर आतला सिग्नल बाहेरचा अँटेना पुन्हा उचलतो आणि सभेच्या लाउडस्पीकरजवळ माइक नेल्यावर जशी कर्कश शिट्टी सुरू होते, तसा प्रकार रेडिओ लहरींत होतो. कौलारू बैठ्या घरात छप्पर आणि माजघर यांत अंतर असते ते किती? परिणामी एका घरातल्या स्वस्त यंत्रामुळे त्या टॉवरवर अवलंबून असलेल्या साऱ्या वाडीचे फोन अडखळू शकतात. ज्या वाडीत आधीच एकच टॉवर कसाबसा पोहोचतो, तिथे शेजाऱ्याची रेंज बिघडवून आपली सुधारण्याचा प्रयत्न करणे मला अजिबात मान्य नाही.

म्हणून मी वाय-फाय कॉलिंगकडे वळलो. एअरटेलने ही सेवा डिसेंबर २०१९मध्ये, जिओने जानेवारी २०२०मध्ये आणि व्हीने (व्होडाफोन आयडिया) डिसेंबर २०२०मध्ये सुरू केली. व्हीची सुरुवात ज्या परिमंडळांत झाली त्यांत महाराष्ट्र-गोवा होते. यात फोन टॉवरला न जोडता घरातल्या इंटरनेटमधून कंपनीच्या केंद्रापर्यंत एक सुरक्षित मार्ग तयार करतो आणि आपला नेहमीचा कॉल त्या मार्गाने जातो. क्रमांक तोच, वेगळे अॅप नाही, समोरच्याच्या फोनमध्ये काही असण्याची गरज नाही, आणि वेगळे शुल्कही नाही. वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी आपल्याकडे परवानामुक्त असल्याने कायद्याचाही प्रश्न येत नाही.

व्हॉट्सअॅपवर बोलता येत असताना याची गरज काय, असे अनेकजण विचारतात. व्हॉट्सअॅपवर मुले-नातवंडे बोलतात. पण बँक, गॅस एजन्सी, तालुक्याचा दवाखाना, कुरिअरवाला आणि गावातले जुने स्नेही साधाच फोन करतात. घरात बसून तो साधा फोन घेता येणे, हीच या सेवेची खरी किंमत आहे. माजघरात झोपाळ्यावर बसून आई आता सहज बोलते आणि आवाज सड्यावरून बोलल्यासारखा स्वच्छ येतो. एका कॉलला लागणारा इंटरनेटचा वेग इतका कमी असतो, की सर्वांत स्वस्त फायबर योजनासुद्धा त्याला भरपूर पुरते. मात्र जोडणी अखंड हवी, कारण क्षणभराचा खंडही कानाला जाणवतो.

सेवा सुरू करणे सोपे असले तरी एक-दोन ठिकाणी अडायला होते. फोनमधले वाय-फाय कॉलिंगचे बटण दोन्ही सिमसाठी वेगवेगळे चालू करावे लागते. पुष्कळ फोनमध्ये ‘मोबाइल नेटवर्कला प्राधान्य’ असा पर्याय आधीपासून निवडलेला असतो. तो बदलून वाय-फायला प्राधान्य दिले नाही, तर फोन त्या क्षीण टॉवरलाच चिकटून राहतो आणि सेवा निरुपयोगी वाटते. ज्या फोनमध्ये हा पर्यायच नाही, तिथे एअरप्लेन मोड लावून नंतर फक्त वाय-फाय चालू करावे. एवढे करूनही कॉल वाय-फायवर जात नसेल, तर राउटरमध्ये आयपीसेक पासथ्रू (वर सांगितलेला सुरक्षित मार्ग राउटरमधून जाऊ देणारी सेटिंग) बंद आहे का, हे इंटरनेटवाल्याला तपासायला सांगावे. आमच्याकडे नेमकी हीच अडचण होती आणि केबलवाल्याच्या मुलाने ती जागच्या जागी सोडवली.

चिऱ्याच्या भिंती वाय-फायलाही सोडत नाहीत. ओटीवरच्या राउटरचे ५ गिगाहर्ट्झचे जाळे माजघराच्या उंबऱ्यापाशीच संपते, २.४ गिगाहर्ट्झचे स्वयंपाकघरापर्यंत रडतखडत जाते. शेवटी ओटीवरून मागच्या पडवीपर्यंत लॅनची वायर ओढून तिथे दुसरा साधा राउटर अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तेच इंटरनेट तिथून वाय-फायने पसरवण्यासाठी, बसवला, तेव्हा परसापर्यंत सोय झाली. वाय-फायने वाय-फाय वाढवणारे छोटे रिपीटर जाड भिंतींच्या घरात घेऊ नयेत, वायरच ओढावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

उणिवा आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. बोलत बोलत अंगणातून पुढे बागेत गेले, की फोन आधी क्षीण वाय-फायला धरून ठेवतो आणि मग टॉवरकडे उडी मारताना कधीकधी कॉल तुटतो. दोन सिमपैकी एका कंपनीचे ओटीपी वाय-फायवर लगेच येतात. दुसऱ्या कंपनीचे मात्र फोन घेऊन अंगणात आल्याशिवाय येत नाहीत, आणि ग्राहक सेवेकडून याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही. बँकेला जोडलेला क्रमांक कोणत्या सिमवर ठेवायचा, हे त्यामुळे आधी घरात पडताळून पाहावे.

विजेचा प्रश्न सर्वांत मोठा. दिवे गेले की राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही बंद पडतात आणि कॉलिंगही संपते. यासाठी बारा व्होल्टचा मिनी यूपीएस (वीज गेल्यावर बॅटरीवर यंत्रे चालू ठेवणारा डबा) अवश्य घ्यावा. दोन हजारांच्या आतबाहेर मिळणाऱ्या या छोट्या डब्यावर आमची दोन्ही यंत्रे तीन-चार तास चालतात. मोठ्या वादळापुढे मात्र हेही टिकणार नाही. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगड भागात खांबच आडवे झाले होते, आणि फायबर त्याच खांबांवरून येते. अशा वेळी वाय-फाय कॉलिंगचा भरवसा धरता येणार नाही. चार्ज केलेला फोन आणि सड्यावर जाऊ शकणारा शेजारी, हाच आधार.

खर्चाचे म्हणाल तर फायबरचे महिना चारशे-पाचशे रुपये, दुसरा राउटर, वायर आणि यूपीएस एवढेच लागते, आणि इंटरनेट घरात असेल तर सेवेसाठी वेगळा पैसाही नाही. ज्यांच्या वाडीत फायबर पोहोचले आहे आणि घरात स्मार्टफोन आहे, त्यांनी बूस्टरचा विचार सोडून ही सेवा आजच चालू करावी, असे मी खात्रीने सांगेन. वडिलांचा बटणांचा साधा फोन मात्र वाय-फायशी जोडता येत नाही आणि त्यांना स्मार्टफोन हाताळायचा नाही. गावोगावी अशी माणसे कितीतरी आहेत. परवानाधारक मोबाइल कंपनीला मात्र टॉवरचा सिग्नल वाढवणारा स्वतःचा रिपीटर कायदेशीरपणे बसवता येतो. तेव्हा आमच्या वाडीसाठी तो बसवावा, असा अर्ज आम्ही ग्रामपंचायतीच्या शिफारशीसह कंपनीकडे दिला आहे आणि त्याचा पाठपुरावा चालू आहे.