अनिग्रे विनियर: दीड वर्ष वापरल्यावर

लातूरच्या घरात देवघर अन् टीव्हीच्या भिंतीला अनिग्रेचं विनियर, म्हणजे प्लायवर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, लावलं. आफ्रिकेतलं लाकूड, पिवळसर, किंचित गुलाबी झाक. आमचे मिस्तरी सागवानवाले, शीटची कड बघून म्हणाले, "ताई, वरचं लाकूड तर पापडावानी हाय." खरंच, चार मिलिमीटरच्या शीटवर जेमतेम अर्धा मिलिमीटर! पॉलिश पेपर जरा जोरात फिरला अन् एका कोपऱ्यात खालचा प्लाय दिसला. बाकी अंधारी खोली एकदम उजळली, हे मात्र मानलं. उजेडानं रंग सोनेरी होत जातो: परवा गणपतीची तसबीर उतरवली तर मागं फिकट चौकोन! शीट एकाच गठ्ठ्यातल्या घ्या. मी दोन कमी घेतल्या, नंतर आणलेल्यांच्या रेषा जुळल्याच नाहीत. त्या आता चपलांच्या कपाटाला.