मोठा घोडा की मुठीतला? मॉडेल घोड्यांचा संग्रह सुरू करणाऱ्यांसाठी

घोड्यांची मॉडेल्स जमवायची ठरली की बहुतेक जण आधी कंपनी कोणती ते बघतात. मी म्हणेन, आधी प्रमाण ठरवा, म्हणजे खऱ्या घोड्यापेक्षा मॉडेल किती पट लहान हवं ते. जागा किती लागेल, पैसे किती जातील आणि त्या घोड्याचं पुढे काय करता येईल, हे सगळं प्रमाणावरच ठरतं.

या छंदात सर्वांत जास्त बोललं जातं ते ब्रेयरबद्दल. या अमेरिकी कंपनीचा पहिला घोडा १९५० मध्ये एका घड्याळासोबत लावण्यासाठी घडवला गेला आणि लोकांना घड्याळापेक्षा घोडाच हवासा वाटू लागला. ब्रेयरची 'ट्रॅडिशनल' मालिका १:९ प्रमाणातली, तर १९७५ पासूनची 'स्टेबलमेट्स' १:३२ ची. खरी निवड या दोघांत आहे.

ट्रॅडिशनल घोडा साधारण वीतभर उंच असतो. मानेचे स्नायू, गुडघ्याची हाडं, नाकपुडीची कड इतकं सगळं स्पष्ट दिसतं, की जाती ओळखायला शिकायचं तर याच्यासारखा गुरू नाही. अरबी घोड्याचा खोलगट चेहरा आणि शायरच्या खुरांवरची दाट लव हातात घेऊन बघावी. खोगीर, लगाम, रिकिबी करायची हौस असेल तर निर्णय इथेच झाला, कारण १:९ मध्ये बक्कल खरोखर उघडझाप करणारं बनवता येतं. मॉडेल घोड्यांच्या स्पर्धांमध्ये साज चढवून प्रसंग मांडायचा स्वतंत्र विभाग असतो आणि तिथे हे कौशल्य कामाला येतं. अडचण जागेची. दहा-बारा घोड्यांतच फळी भरते, आणि एक घोडा कलंडला की शेजारच्यालाही घेऊन पडतो. मग कान किंवा शेपटीचं टोक घासलं जातं, आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

स्टेबलमेट मुठीत मावतो. स्वस्त असल्यामुळे चुकायला भीती वाटत नाही, आणि माझ्या दृष्टीने हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. रंग उतरवा, प्रायमर (रंगाआधीचा थर) द्या, इपॉक्सी पुटीने (मळून लावली की कडक होणारी लुगदी) नवी आयाळ घडवा, कुमैताचा (काळ्या आयाळीच्या तांबूस घोड्याचा) अबलख (पांढऱ्या पट्ट्यांचा दुरंगी) करा. बिघडला तर पुन्हा सुरुवात. स्वतःच्या हाताने रंगवायला शिकणारे अनेक जण इथूनच सुरू करतात. मात्र एवढ्याशा डोळ्यात चमक आणायला बारीक ब्रश आणि स्थिर हात लागतो, आणि या मापाचा लगाम करणं फार कष्टाचं.

मधल्या मापात जर्मनीच्या श्लाइखचे घोडे येतात. अंगावरचा रंग टिकाऊ, पाय भक्कम, त्यामुळे घरात लहान मूल खेळणार असेल तर निःशंक हेच घ्या. इंग्लंडच्या बेस्विकसारखे चिनी मातीचे घोडे देखणे असतात. त्यांना मात्र काचेचं कपाट हवंच.

जुना ट्रॅडिशनल घेणार असाल तर थोडं थांबा. हे घोडे बहुधा सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचे असतात. उष्णतेने ते मऊ पडतात, पाय वाकतात आणि घोडा एका बाजूला झुकतो. जुन्या ॲसिटेटला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर प्लास्टिक आतून विघटित होऊ लागलं आहे, तो घोडा परत ठेवा. पांढऱ्या घोड्यावर पिवळेपणा चढला आहे का, तेही बघा. विक्रेत्याकडून चारही खुरांचा आणि दोन्ही कानांचा जवळून काढलेला फोटो मागायला संकोचू नका.

एकच साचा वेगवेगळ्या रंगांत पुन्हा पुन्हा निघतो, आणि आवडत्या साच्याचे सगळे रंग रांगेत लावण्याला छंदातले लोक 'कोंगा' म्हणतात. हा मोह मोठ्या मापात फार महाग पडतो. त्यामुळे ज्याला रांगा लावायच्या आहेत किंवा रंगवायचं आहे, त्याने स्टेबलमेट्स घ्यावेत. ज्याला एका घोड्यासमोर बसून त्याची ठेवण न्याहाळायची आहे, किंवा साज करायचा आहे, त्याने पैसे साठवून एकच ट्रॅडिशनल घ्यावा, आणि तोही आपल्याला मनापासून आवडणाऱ्या जातीचा.